श्रवणयंत्राचा सेल कसा बदलावा आणि कसा सांभाळावा

आईला श्रवणयंत्र मिळाले त्याच्या पहिल्याच महिन्यातली एक दुपार मला अजून आठवते. यंत्र बंद पडले म्हणून तिने सहा सेलच्या नव्या पाकिटातला एक सेल काढला, त्यावरचा स्टिकर सोलून तो लगेच यंत्रात घातला, तरी यंत्र सुरू होईना. हा सेल खराब निघाला असे समजून तिने दुसरा सोलला, मग तिसरा. मी संध्याकाळी घरी आलो तेव्हा सहाही सेल उघडे होऊन टेबलावर पडले होते, स्टिकर केराच्या डब्यात गेले होते आणि आई यंत्र डबीत ठेवून गप्प बसली होती. त्या सहापैकी एकही सेल खराब नव्हता. स्टिकर काढल्यावर सेलला थोडा वेळ द्यायचा असतो, एवढीच गोष्ट यंत्र देताना आम्हाला कोणी सांगितली नव्हती.

त्यानंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला. यंत्र डबीत पडून राहू लागले की माणूस घरातल्या बोलण्यातून हळूहळू बाजूला पडतो, आणि एवढ्याशा सेलपायी तसे होऊ देणे मला पटत नाही. पुढे लिहिले आहे ते आईच्या दोन यंत्रांची रोजची देखभाल करताना शिकलेले आहे, आणि ज्यांच्या घरी आई-वडील, आजी-आजोबा किंवा लहान मूल श्रवणयंत्र वापरते त्यांच्यासाठी आहे.

हा सेल हवेवर चालतो

श्रवणयंत्राचा सेल घड्याळाच्या सेलसारखा दिसत असला तरी त्याची जात वेगळी आहे. त्याला झिंक-एअर सेल म्हणतात. त्याच्या आत जस्ताची भुकटी असते आणि वीज तयार होण्यासाठी लागणारा ऑक्सिजन तो बाहेरच्या हवेतून घेतो. सेलच्या सपाट बाजूवर, म्हणजे अधिक चिन्ह असलेल्या बाजूवर, सुईच्या टोकाएवढी बारीक छिद्रे असतात आणि रंगीत स्टिकरने ती बंद केलेली असतात. भिंग घेऊन पाहिल्यास ती स्पष्ट दिसतात. स्टिकर निघाला की हवा आत जाते, जस्ताचे ऑक्साइड होऊ लागते आणि सेल जागा होतो. ऑक्सिजन आत साठत जात असल्यामुळे संपलेला सेल नव्या सेलपेक्षा किंचित जड असतो, ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा फार नवल वाटले होते.

या रचनेतून दोन नियम निघतात. पहिला असा की स्टिकर काढल्यावर सेल लगेच यंत्रात कोंडू नये. हवा आत शिरून विजेचा दाब १.४ व्होल्टच्या आसपास पोहोचायला वेळ लागतो. किमान दोन मिनिटे थांबावे, आणि घाई नसेल तर पाच मिनिटे थांबलेले अधिक चांगले. सपाट बाजू वर करून सेल टेबलावर मोकळा ठेवावा. दुसरा नियम असा की एकदा निघालेला स्टिकर पुन्हा चिकटवून सेल झोपवता येत नाही. तो यंत्रात असो वा नसो, उघडल्या दिवसापासून त्याची शक्ती खर्च होऊ लागते आणि न वापरताही काही आठवड्यांत तो निकामी होतो. म्हणून स्टिकर हेच या सेलचे बटण आहे असे मानावे आणि सेल यंत्रात घालायची वेळ आल्याशिवाय त्याला हात लावू नये. आईने त्या दुपारी उघडलेल्या सहांपैकी दोन सेल वापरून झाले, तोवर उरलेले चार पुरते मंदावले होते.

या सेलचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. टॉर्चचा सेल संपत आला की उजेड मंद होत जातो, तसे येथे होत नाही. झिंक-एअर सेलचा दाब जवळजवळ शेवटपर्यंत स्थिर राहतो आणि मग थोड्याच वेळात कोसळतो. सकाळी व्यवस्थित ऐकू येणाऱ्या माणसाला दुपारी एकाएकी काहीच ऐकू येईनासे होते ते यामुळेच. बहुतेक आधुनिक यंत्रे त्याआधी कानात टूं-टूं असा इशारा देतात, परंतु काही मॉडेलमध्ये इशाऱ्यानंतर यंत्र काही मिनिटांतच बंद पडते. त्यामुळे इशारा ऐकू आला की हातातले काम आटोपेपर्यंत थांबू नये.

आपल्या यंत्राला कोणता सेल लागतो

सेलचे चार आकार प्रचलित आहेत आणि प्रत्येकाचा रंग सगळ्या कंपन्यांत सारखाच असतो. १० क्रमांकाचा सेल पिवळ्या स्टिकरचा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी आणि ६७५ निळा. १० क्रमांकाचा सेल सर्वांत लहान, म्हणजे व्यासाने जेमतेम ५.८ मिलिमीटर असतो. ३१२ आणि १३ यांचा व्यास एकच, ७.९ मिलिमीटर, पण १३ क्रमांकाचा सेल जाड असतो. ६७५ चा व्यास ११.६ मिलिमीटर असून कानामागच्या शक्तिशाली यंत्रांत तो वापरतात. दुकानात जाताना क्रमांक पाठ असला तरी जुन्या पाकिटाचा पुठ्ठा सोबत न्यावा, कारण रंग दाखवला की गोंधळ होत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. घड्याळाच्या दुकानात मिळणारा एलआर ४४ हा सेल मापाने ६७५ एवढाच असतो आणि "हा तसाच आहे, चालेल" असे म्हणून तो कधीकधी दिला जातो. तो बसतो, यंत्र सुरूही होते. मात्र त्याचा दाब १.५ व्होल्ट असतो, साठवण बरीच कमी असते आणि तो श्रवणयंत्रासाठी बनवलेलाच नसतो, म्हणून तो घेऊ नये. कॉक्लियर इम्प्लांटसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेने बसवलेल्या श्रवणयंत्रणेसाठी, ६७५ आकाराचाच पण जास्त प्रवाह देणारा वेगळा सेल येतो. त्याच्या पाकिटावर तसे छापलेले असते, आणि इम्प्लांट वापरणाऱ्यांनी साधा ६७५ घेऊन काम भागवू नये.

खिशात ठेवायचे आणि वायरने कानाला जोडायचे जुन्या पद्धतीचे यंत्र बहुधा पेन्सिल सेलवर चालते. त्याला हवेचा नियम लागू नाही. अधिक-उणे बाजू पाहून सेल घालावा आणि यंत्र बरेच दिवस वापरायचे नसल्यास तो काढून ठेवावा, एवढे पुरे. चार्जिंगच्या यंत्रांत आत लिथियमची बॅटरी असते. ती घरी उघडण्याचा प्रयत्न मुळीच करू नये.

सेल बदलण्याची रीत

टेबलासमोर बसून, खाली जाडसर रुमाल किंवा नॅपकिन अंथरून आणि डोळ्यांना चष्मा लावूनच हे काम करावे. यंत्र फरशीवर पडले तर फुटते, आणि सेल पडला तर घरंगळत कपाटाखाली जातो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. तेलाचा किंवा क्रीमचा हात सेलच्या छिद्रांवर फिरला तर छिद्रे बुजतात. आमच्याकडे आई पोळ्या करून झाल्यावर सेल बदलायला बसायची आणि तिच्या बोटांना तूप असायचे. ती सवय मोडायला आम्हाला पुष्कळ दिवस लागले.

आधी नवा सेल पाकिटातून काढून त्याचा स्टिकर सोलावा आणि सेल सपाट बाजू वर करून रुमालावर ठेवावा. त्यानंतर यंत्र हातात घ्यावे. वाट पाहण्याची दोन-तीन मिनिटे अशा रीतीने जुना सेल काढण्यात आणि कप्पा पुसण्यात सत्कारणी लागतात. स्टिकरचा चिकटपणा सेलला लागून राहिला असेल तर तो कोरड्या कापडाने हलकेच पुसावा, नखाने खरवडू नये.

यंत्राच्या खालच्या टोकाला सेलचा कप्पा असतो आणि त्याच्या दाराला नख अडकवण्यासाठी बारीक खाच असते. त्या खाचेत नख घालून दार हळूच बाहेर ओढावे. ते बिजागरीवर फिरते, त्यामुळे जेवढे सहज उघडते तेवढेच उघडावे. जोर लावल्यास बिजागरी तुटते आणि मग पूर्ण दार बदलावे लागते. जुना सेल बोटांनी निघत नसेल तर यंत्रासोबत मिळणाऱ्या ब्रशच्या टोकाला लहान चुंबक असतो, तो सेलला टेकवावा. सेल त्याला चिकटून अलगद बाहेर येतो. पिन, सुई किंवा चिमटा वापरू नये. हृदयाला पेसमेकर बसवलेला असेल तर हा चुंबक त्यापासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा आणि ब्रश शर्टाच्या छातीच्या खिशात कधीही ठेवू नये.

कप्पा रिकामा झाला की आतील धातूच्या पट्ट्या उजेडात नीट पाहाव्यात. त्या चकचकीत असाव्यात. त्यांच्यावर हिरवट किंवा पांढरट थर दिसला तर ओल किंवा सेलचा पाझर आत गेला आहे असे समजावे. थर पातळ असल्यास कोरड्या मऊ ब्रशने झटकावा. पाणी, स्पिरिट किंवा कोलोन घरी लावू नये, आणि थर जाड असल्यास यंत्र तंत्रज्ञाकडे न्यावे.

आता नवा सेल घ्यावा. तो यंत्राच्या पोटात ढकलायचा नसतो, तर दाराला जी लहानशी वाटी असते तिच्यात अधिक चिन्ह दिसेल असा ठेवायचा असतो. दार बोटाने हलके दाबले की टक्‌ असा आवाज होऊन बंद होते. ते बंद होत नसेल तर सेल उलटा बसला आहे किंवा तिरपा झाला आहे. पुन्हा काढून पाहावा. जोराने दार दाबल्यामुळे तुटलेली यंत्रे मी स्वतः पाहिली आहेत. दार लागल्यावर यंत्र लगेच कानात न घालता मुठीत धरावे. ते सुरू असेल तर बंद मुठीत सहसा शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की यंत्र जिवंत आहे. काही नवी यंत्रे ही शिट्टी दाबून टाकतात, त्यांच्या बाबतीत कानात घालून सुरुवातीची धून ऐकू येते का हे विचारावे.

दोन्ही कानांत यंत्रे असतील तर मी दोन्ही सेल एकाच दिवशी बदलतो. एखादा सेल थोडा शिल्लक असताना जातो हे खरे, पण "डावा कधी बदलला, उजवा कधी" हा वृद्ध माणसाला पडणारा पेच सुटतो आणि तो फायदा मला मोठा वाटतो. उजव्या यंत्रावर लाल खूण आणि डाव्यावर निळी खूण असते, ती पाहूनच यंत्रे परत डबीत ठेवावीत.

सेल किती दिवस टिकावा

दिवसाचे दहा-बारा तास यंत्र वापरल्यास १० क्रमांकाचा सेल साधारणपणे ३ ते ७ दिवस, ३१२ क्रमांकाचा ३ ते १० दिवस, १३ क्रमांकाचा ६ ते १४ दिवस आणि ६७५ क्रमांकाचा ९ ते २० दिवस चालतो. फरक एवढा मोठा आहे, कारण तो बहिरेपणाच्या प्रमाणावर, आवाजाच्या पातळीवर आणि ब्लूटूथच्या वापरावर अवलंबून असतो. मोबाइलवरचे भजन किंवा टीव्हीचा आवाज थेट यंत्रात घेतला तर सेल लवकर संपतो, आणि त्यात यंत्राचा दोष नसतो.

म्हणून शेजाऱ्यांच्या आकड्याशी तुलना न करता आपल्याच यंत्राची नोंद ठेवावी. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय असते. सोललेला नारिंगी स्टिकर मी त्या दिवसाच्या चौकटीत चिकटवतो. तीन-चार स्टिकर लागले की दोन बदलांमधले अंतर डोळ्यांना दिसते. आईच्या बाबतीत ते दहा दिवसांचे आहे. एके वर्षी तेच अंतर अचानक पाच दिवसांवर आले, तेव्हा मी पाकीट बदलून पाहिले, तरीही पाचच दिवस. श्रवणतज्ज्ञाने यंत्र किती प्रवाह खेचते हे मोजून पाहिले आणि आत ओल गेल्यामुळे ते जास्त वीज खात असल्याचे सांगितले. कालनिर्णयावरचे स्टिकर नसते तर हे माझ्या लक्षातही आले नसते. ज्यांना मुंबई जवळ आहे त्यांना अशी तपासणी वांद्रे येथील, १९८३ साली स्थापन झालेल्या, अली यावर जंग राष्ट्रीय वाचा व श्रवण संस्थेतही विचारता येईल.

खरेदी करताना पाकिटावर छापलेली मुदत पाहावी आणि दोन-तीन महिन्यांना पुरतील एवढेच सेल आणावेत. सेल घरात सामान्य तापमानाला, कोरड्या जागी, पाकिटातच ठेवावेत. फ्रिजमध्ये ठेवल्याने ते जास्त टिकतात हा समज चुकीचा आहे. थंड सेल बाहेर काढल्यावर त्याच्यावर दव धरते आणि स्टिकरचा गोंद सुटू शकतो. सुटा सेल नाण्यांबरोबर किंवा किल्ल्यांबरोबर खिशात टाकू नये, कारण धातूला धातू लागून तो खिशातच संपतो आणि तापतोही.

पावसाळा, घाम आणि उन्हाळा

आमचे घर चिपळूणला आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरातल्या चपलांनाही बुरशी येते, तेथे कानामागच्या यंत्राची अवस्था काय होत असेल याची कल्पना करता येईल. सेलची छिद्रे हवेबरोबर बाष्पही आत घेतात. दमट हवेत सेलच्या आतले द्रावण ओलावा शोषते, सेल फुगू शकतो आणि पाझरू शकतो. ताई अकोल्याला असते आणि आई मे महिन्यात तिच्याकडे राहते, तेव्हा नेमके उलटे घडते. कोरड्या, कडक हवेत उघडलेला सेल आतून सुकतो आणि त्याचा एखादा दिवस कमी होतो. दोन्ही ठिकाणी यंत्र तेच, आई तीच, पण स्टिकरमधले अंतर वेगळे पडते.

रात्री झोपताना यंत्र कानातून काढल्यावर ते कोरड्या कापडाने पुसावे आणि सेलचे दार पूर्ण उघडे ठेवावे. दार उघडल्याने यंत्र बंद होते आणि आतली ओल निघून जाते. पावसाळ्यात एवढ्याने भागत नाही. त्यासाठी सिलिका जेलची डबी घ्यावी, जिच्यात यंत्र रात्रभर ठेवले की दाणे ओल शोषून घेतात. मात्र यंत्र डबीत ठेवण्याआधी त्यातला सेल काढून बाहेर ठेवावा. हे दाणे यंत्राची ओल ओढतात तशीच सेलमधलीही ओढतात, आणि सेलला ती हवी असते. हे माहीत नसल्यामुळे काळजी घेणारी माणसेच सेल लवकर संपवतात. दाण्यांचा रंग बदलला, म्हणजे निळ्याचे गुलाबी किंवा नारिंगीचे हिरवट झाले, की ते भरले असे समजून डबीवरील सूचनेप्रमाणे तापवून सुकवावेत किंवा बदलावेत.

यंत्र भिजले तर सेल ताबडतोब काढून टाकावा, यंत्र पुसून दार उघडे ठेवून सुकवावे आणि दुसऱ्या दिवशी नवा सेल घालावा. हेअर ड्रायरची गरम हवा, ऊन किंवा गॅसची शेगडी यांचा उपयोग कधीही करू नये.

नव्या सेलनेही यंत्र बोलत नसेल तर

अशा वेळी दुसरा स्टिकर सोलण्याआधी क्रमाने पाहावे. पाच मिनिटे थांबलो होतो का, अधिक बाजू बरोबर आहे का, दार पूर्ण लागले आहे का, आवाजाचे बटण शून्यावर नाही ना. त्यानंतर कानात जाणारे टोक पाहावे. मळाने ते बुजलेले असेल तर सेल भरलेला असूनही ऐकू येत नाही, आणि माझ्या अनुभवात सेलनंतरचे सर्वांत मोठे कारण हेच असते. मोल्डच्या, म्हणजे कानात बसणाऱ्या साच्याच्या, नळीत पाण्याचा थेंब अडकला असेल तर तोही आवाज अडवतो. एवढे पाहूनही यंत्र गप्प असेल, तर पहिल्या सेलऐवजी दुसऱ्या पाकिटातला एकच सेल घालून पाहावा आणि तरीही उपयोग न झाल्यास यंत्र तपासणीला न्यावे.

सेल आणि गोळी

ज्येष्ठांच्या घरी हा मुद्दा मी सर्वांत गंभीर मानतो. ३१२ आणि १३ क्रमांकाचे सेल आकाराने रक्तदाबाच्या गोळीसारखे दिसतात, आणि चष्मा न लावता गोळी समजून सेल गिळल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. सेल आणि औषधे कधीही एका डबीत, एका ताटलीत किंवा एकाच खणात ठेवू नयेत. काढलेला सेल टेबलावर "नंतर टाकू" म्हणून ठेवू नये.

लहान मुलाने सेल गिळला असेल किंवा नाकात-कानात घातला असेल, तर लगेच रुग्णालयात जावे. उलटी करवू नये, नाकात-कानात थेंब घालू नयेत आणि वाट पाहत बसू नये. नाक, कान किंवा अन्ननलिका यांत अडकलेला बटणासारखा सेल काही तासांत मांस भाजू शकतो. सेलचे पाकीट सोबत न्यावे, म्हणजे डॉक्टरांना प्रकार कळतो. मूल स्वतः यंत्र वापरत असेल तर सेलच्या दाराला कुलूप असलेले मॉडेल मागून घ्यावे.

संपलेले सेल आम्ही घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत साठवतो, धातूच्या डब्यात ठेवत नाही. भारतात २०२२ पासून लागू असलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार बॅटऱ्या घरच्या कचऱ्यापासून वेगळ्या ठेवणे ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे. बरणी भरली की ती ई-कचरा संकलनात किंवा परत घेणाऱ्या विक्रेत्याकडे द्यावी. सेल जाळू नयेत.

गेल्या वर्षी आईला चार दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. तेव्हापासून तिच्या यंत्राच्या डबीत मी एक चिठ्ठी ठेवतो: "सेल १३, नारिंगी. स्टिकर काढून पाच मिनिटे थांबा. सपाट बाजू वर. रात्री दार उघडे." डबीतच दोन बंद सेल आणि चुंबकाचा ब्रश असतो. तेथील रात्रपाळीच्या परिचारिकेने ती चिठ्ठी वाचून सेल बदलला आणि सकाळी डॉक्टर आले तेव्हा आईने त्यांच्या प्रश्नांची उत्तरे स्वतः दिली.